इतिहास, सामाजिक शास्त्रं, तत्त्वज्ञान: वाचायची रीत वेगवेगळी

तिन्ही विषय पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच चालीने वाचत गेलं, की पहिल्याच सत्रात वाचन तुंबतं.

इतिहासाचं साधन हातात आलं की मजकुराआधी चार गोष्टी टिपा: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी, आणि आपल्यापर्यंत कसं पोचलं. चौथा प्रश्न हमखास विसरला जातो. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडचं राज्य दिल्याचं दानपत्र कित्येक शतकं खरं मानलं जाई. इटालियन विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये त्याची लॅटिन तपासली, तर चौथ्या शतकातल्या रोममध्ये चक्क ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार, निघाले! दानपत्र बनावट ठरलं. अर्थात बनावट कागदही टाकून देऊ नये. तो कुणी आणि कशासाठी रचला, हा जास्त रंजक प्रश्न.

सामाजिक शास्त्रांतल्या शोधनिबंधाचा सारांश वाचून थेट पद्धतीवर जा, मग तक्ते, निष्कर्ष सर्वांत शेवटी. निष्कर्ष आधी वाचला की तक्त्यातही तोच दिसू लागतो. प्रत्येक तक्त्याशेजारी एकक लिहा: व्यक्ती, कुटुंब की राज्य? अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने १९५० मध्ये दाखवलं, की परदेशात जन्मलेले लोक जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती (सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात त्याचं माप, सुमारे −०.५३; उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते), व्यक्तिशः पाहिलं तर मात्र त्याच लोकांत ती किंचित जास्त (+०.१२). हे लोक मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, म्हणून हा उलटा आकडा. राज्यांचे आकडे पाहून माणसांबद्दल विधान करणं ही उत्तरपत्रिकेतली नेहमीची चूक.

तत्त्वज्ञानाच्या दहा पानांना दोन तास लागले तर घाबरू नका. पहिल्या वाचनात लेखकाला काय सिद्ध करायचंय तेवढंच शोधा. दुसऱ्यात आधारविधानं क्रमांक घालून स्वतःच्या शब्दांत मांडा, आणि लेखकाने न लिहिता धरून चाललेलं विधानही त्यात घाला. ‘आहे’वरून ‘असावं’वर, म्हणजे वस्तुस्थितीवरून थेट कर्तव्यावर, उडी मारलेली दिसली तर तिथे थांबा, तत्त्वज्ञ ह्यूमने नेमकं तेच हेरलं होतं. आक्षेप घ्यायचा तो एका ठरावीक क्रमांकावर. नुसतं ‘पटत नाही’ चालत नाही.

टिपणात पानाचा आकडा आणि शब्दशः उताऱ्याला अवतरणचिन्हं उतरवतानाच घाला. महिन्याभराने आपलं वाक्य कोणतं नि लेखकाचं कोणतं हे कळत नाही, आणि वाङ्मयचौर्याचा ठपका बऱ्याचदा इथूनच येतो.

निबंध झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचा. त्यांतून युक्तिवाद उभा राहायला हवा. ‘त्यानंतर’, ‘पुढे’ असंच दिसलं तर तुम्ही घटनाक्रम लिहिलाय. दावा पहिल्या परिच्छेदात आणा आणि त्याला आधार न देणारे परिच्छेद काढून टाका.