जुनी गाडी बघायला जाताय? पाम बीचला भुलू नका

नवी मुंबईत सेकंड हँड गाडी विकणारा चक्कर मारायला बहुतेकदा गुळगुळीत पाम बीच रोडवरच नेतो. तिथे बैलगाडीही मर्सिडीज वाटेल! त्यापेक्षा एमआयडीसीच्या खड्ड्यांतून न्या, गाणी बंद, काच खाली. सस्पेन्शनचा खडखडाट तिथेच ऐकू येतो. क्लच तपासायला सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प पुरतो: अर्ध्यावर थांबायचं आणि पुन्हा उचलायची. इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी सरकली नाही, तर खर्च आलाच समजा. (ठाणेकरांनी हा प्रयोग घोडबंदरला गायमुखच्या चढावर करू नये, मागे कंटेनर असतो.)

पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही येण्यापूर्वीच गाडी सुरू करून ठेवलेली असते. थंड इंजिनाची कुरकुर लपवायची ही जुनी युक्ती. मग सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. गाडी पाण्यात बुडालेली असेल तर सीट कव्हर नवं घालता येतं, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावरचा चिखलाचा डाग बऱ्याचदा तसाच राहतो. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३२१ म्हणजे टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

कागदांत आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा दिसला तर विकणाऱ्याकडून तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र आधी घ्या. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० पैसे देतानाच सही करून घ्यायचे. थकलेली ई-चलनं नंबर टाकून ऑनलाइन दिसतात, ती त्यालाच भरायला लावा.