१६०० मीटर न थांबता पळायचंय? आधी हळू पळायला शिका

सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी साडेपाचला गेलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक आमच्यासारखी, चाळिशी ओलांडलेली, डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट दाखवून चालायला सांगितलेली, आणि दुसरी भरतीची पोरंपोरी. पोलीस भरतीच्या ग्राउंडला मुलांना १६०० मीटर असतं, मुलींना ८००, म्हणून ती सगळी घड्याळ लावून राऊंड मारत असतात. त्यांना बघून बघून मलाही वाटायला लागलं की आपण रोज पाऊण तास चालतो, म्हणजे १६०० मीटर पळणं काय अवघड आहे, दीड किलोमीटरच तर आहे की. आणि एक दिवस त्यांच्या मागं पळत सुटले. ५०० मीटरच्या आसपास पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, घशात रक्तासारखी चव यायला लागली, आणि मी कडेला बसले ते दहा मिनिटं उठताच आलं नाही.

तिथंच एक भरतीची तयारी करणारी मुलगी थांबली, पाणी दिलं आणि म्हणाली, "काकू, एवढ्या जोरात कुठं निघालाव? पहिला राऊंड बोलत बोलत झाला पाहिजे." पुढचे दोन महिने मी जे काही शिकले ते सगळं या एका वाक्यातूनच सुरू झालं, म्हणून तुम्हालाही सगळ्यात आधी तेच सांगते.

छोटं अंतर अवघड का जातं ते समजून घ्या. आपण पळायला लागलो की हृदय आणि फुप्फुसांना वेग पकडायला दोन-एक मिनिटं लागतात. तोपर्यंत स्नायू आपल्याकडच्या साठ्यावर काम चालवतात, म्हणून पहिले दोनशे मीटर एकदम हलके वाटतात आणि आपण खुशीत वेग वाढवतो. मग साठा संपतो, श्वास अजून पुरत नसतो, आणि नेमकं तेव्हाच पाय धरतात. शंभर मीटर जोरावर निघतं, पण १६०० मधला बहुतेक भाग श्वासावरच पळावा लागतो, आणि श्वास तयार होतो तो हळू पळूनच.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. इंग्लंडचा धावपटू रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा तोडली. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या १६०० पेक्षा फक्त नऊ मीटर जास्त. त्या दिवशी पहिल्याच राऊंडला त्याला वाटलं की वेग कमी पडतोय, आणि त्याच्यासाठी वेग धरून पुढं पळणाऱ्या ख्रिस ब्रॅशरला तो ओरडला की जोरात चल. ब्रॅशरने लक्षच दिलं नाही, ठरलेल्या वेगानेच पळत राहिला, आणि त्यामुळेच बॅनिस्टरचा दम शेवटपर्यंत पुरला. एवढ्या मोठ्या धावपटूला सुरुवातीला अंदाज आला नाही तर आपल्याला कसा येणार, म्हणून सुरुवातीच्या उत्साहावर अजिबात विश्वास ठेवू नका.

आता कामाचं. वय चाळीसच्या पुढं असेल, बीपी, शुगर, हृदयाचा काही त्रास असेल किंवा घरात कुणाला असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात करा. पळताना छातीत दाब आला, चक्कर आली, हात-जबड्यात दुखायला लागलं तर तिथंच थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, घरी जाऊन बघू म्हणायचं नाही.

अंतर मोजायचं कसं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. चारशे मीटरचा ट्रॅक मिळाला तर सोपंच, चार राऊंड. मोबाईलचं अ‍ॅप झाडांखाली, इमारतींजवळ थोडंफार चुकतं. मी मुलाची सायकल घेतली. चाकाला एक लाल चिंधी बांधली, चाकाचा एक पूर्ण फेरा जमिनीवर टेपने मोजला तर २१० सेंटिमीटर भरला, मग चिंधी मोजत सायकल हातात धरून चालले. १९० फेरे झाले की ३९९ मीटर, तिथं विटेने खूण केली. चालताना मधेच कुणीतरी "काय वहिनी, सायकल बिघडली का" म्हणून विचारलं आणि आकडा विसरला, परत पहिल्यापासून मोजलं. पण त्या खुणेचा पुढं जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच अ‍ॅपचा झाला नाही, कारण प्रत्येक राऊंडला किती वेळ लागला ते पक्कं कळायचं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनच दिवस, एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. पळायचं म्हणजे किती हळू, तर शेजारचीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर हळू आवाजात आरती म्हणून बघा, कडवं तुटत असेल तर वेग जास्त आहे. चालणारे आपल्याला मागं टाकून जातील, जाऊ दे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, सहा-सात वेळा. मधल्या दिवशी नुसतं चालायचं, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात सलग ८०० मीटर, तेही बोलता येईल एवढ्याच वेगाने, मग चार मिनिटं चालून परत ८००. इथं पहिल्यांदा खरा आनंद होतो, मला तर रडूच आलं होतं. याच आठवड्यांत शेवटी ७०-८० मीटरच्या चार मोकळ्या पळत्या घ्यायच्या, जीव तोडून नाही, पण अंग सैल सोडून जरा वेगात, आणि प्रत्येकीनंतर परत चालत यायचं. त्याने पावलं हलकी पडायला लागतात. खांदे कानाजवळ चढलेत का ते बघा, मुठी आवळल्यात का ते बघा. ती मुलगी सांगायची की हातात पापड धरलाय असं समजा, मोडला नाही पाहिजे.

सातव्या आठवड्यात ४०० मीटरचे चार राऊंड, प्रत्येकानंतर दोन मिनिटं चालणं, आणि आता ठरलेल्या वेळेत. पूर्ण १६०० बारा मिनिटांत करायचं असेल तर एक राऊंड तीन मिनिटांचा. दहा मिनिटांत करायचं तर अडीच मिनिटांचा. पहिल्यांदा बाराच धरा. चारही राऊंड सारख्या वेळेचे आले पाहिजेत, पहिला २:३० आणि चौथा ३:४० असं होत असेल तर अजून आठवडाभर हेच करा. आठव्या आठवड्यात दोन दिवस हलकं पळा, दोन दिवस आराम, आणि मग सलग १६००.

नडगी दुखण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझा एक महिना त्यातच गेला. दम वाढला म्हणून मी तिसऱ्याच आठवड्यात रोज पळायला लागले, रविवारीसुद्धा. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडांना आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना जास्त वेळ लागतो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नडगीच्या आतल्या बाजूने बोटभर जागा दाबली की कळ यायची, जिना उतरताना पाय टेकवत नव्हता. दुकानदाराने पळायचे म्हणून दिलेले बूट पण आतून कडक निघाले. एवढ्यासाठी महागडे बूट लागतात असं नाही, पण अंगठ्यापुढं अर्धा इंच जागा पाहिजे, टाच हलता कामा नये, आणि बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. दुखणं पळता पळता वाढत असेल किंवा एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल तर पळणं बंद, दाखवून घ्या. डांबरी रस्त्यापेक्षा माती बरी, फक्त पावसात आपली काळी माती बुटाला किलोभर चिकटते, तेव्हा रस्ताच धरा.

बायकांसाठी एक वेगळं. ओढणी घरी ठेवा आणि चांगली स्पोर्ट्स ब्रा आधी घ्या, बूट नंतर घेतले तरी चालतील. आणि अंधारात एकटीने जाऊ नका, एक जोडीदारीण बघा, ती असली की अलार्म बंद करून झोपायची सोय राहत नाही.

सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. या दिवसांत सहाच्या आत संपवा, वेळेचा नाद सोडा, तोच वेग जास्त जड जाणार आहे हे धरून चाला. घरी आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी प्या, बीपी-शुगरवाल्यांनी मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारून. सुरुवात करायला दिवाळीनंतरचे महिने सगळ्यात चांगले, फक्त जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली की होम मैदान पाळण्यांनी आणि दुकानांनी भरतं, तेव्हा विजापूर रोडला संभाजी तलावाकडं जा. पहाटे कुत्री मागं लागली तर पळू नका, थांबा, मग हळूहळू चालत पुढं व्हा.

खाण्याचं फार अवघड करू नका. रात्री भाकरी, भाजी, शेंगाचटणी, दही नेहमीसारखं, पण झोपायच्या दोन तास आधी. सकाळी अर्धं केळं पुरतं. एवढ्या अंतराला पावडर-बिवडर काही लागत नाही.

आणि तो दिवस. आधी दहा मिनिटं चाला, मग पाच मिनिटं हळू पळा, दोन छोट्या पळत्या घ्या, मग सुरू करा. पहिला राऊंड असा पळा की आपण फारच हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. दुसरा त्याच वेळेत. तिसरा राऊंड सगळ्यात वाईट असतो, नवेपणा संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो, तेव्हा लांब बघू नका, पुढच्या झाडापर्यंत, मग त्याच्या पुढच्या झाडापर्यंत. चौथ्याला उरलं असेल तर शेवटच्या दोनशे मीटरला सोडा. संपलं की खाली बसायचं नाही, पाच मिनिटं चालत राहायचं, नाहीतर चक्कर येते.

वेळ लगेच लिहून ठेवा. आमच्याकडं दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर आहे, त्यावरच मी लिहिते. पहिल्यांदा ११:४० लागली, परवाच्या रविवारी १०:०५.