देशाच्या अर्थव्यवस्थेची बदलती घडण आकड्यांवरून कशी वाचावी

विकासाबरोबर शेतीचा वाटा घटतो, आधी उद्योगांचा वाढतो आणि मग सेवांचा, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण एखाद्या देशाचे आकडे घेऊन बसलं की गोंधळ उडतो, कारण वाटा कशातला हेच आधी ठरवलेलं नसतं. उत्पन्नातला वाटा वेगळा आणि काम करणाऱ्या माणसांतला वाटा वेगळा. दोन्ही शेजारीशेजारी मांडायचे, सगळी मेख तिथेच आहे.

क्षेत्रवार स्थूल मूल्यवृद्धीचे (उत्पादनाच्या किमतीतून त्यासाठी वापरलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरतं त्याचे) आकडे त्या देशाच्या राष्ट्रीय लेख्यांत किंवा जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर मिळतात. रोजगाराचे आकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे असतात. निदान २० ते ३० वर्षांचा पल्ला घ्या. पहिलं किंवा शेवटचं वर्ष दुष्काळाचं, युद्धाचं किंवा मंदीचं असू देऊ नका, नाहीतर त्या एका वर्षाचं दुखणं तुम्ही दीर्घकालीन बदल म्हणून मांडाल.

मग वर्गीकरण तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत ‘ए’ विभागात शेती, वनं आणि मासेमारी येते, ‘बी’ ते ‘एफ’ मध्ये उद्योग आणि ‘जी’ पासून पुढे सेवा. ‘उद्योग’ या शब्दाने फसू नका. त्यात कारखान्यांबरोबर खाणकाम, तेल, वीज, पाणी आणि बांधकामही असतं. सौदी अरेबिया किंवा कुवेतचा उद्योगांचा वाटा मोठा दिसतो तो मुख्यतः जमिनीखालच्या तेलामुळे. म्हणून वस्तुनिर्माणाचा, म्हणजे कारखान्यांतल्या उत्पादनाच्या ‘सी’ विभागाचा, रकाना नेहमी वेगळा ठेवा.

आता हिशेब. समजा, पहिल्या वर्षी १०० पैकी ६० माणसं शेतीत, १५ उद्योगात आणि २५ सेवांत आहेत. दरमाणशी उत्पादन अनुक्रमे १००, ४०० आणि ३००. देशाची सरासरी आली १९५. शेवटच्या वर्षी वाटे ४०, २२ आणि ३८ टक्के झाले, तर उत्पादन (स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वगळून एकाच वर्षाच्या किमतींनी) १३०, ४८० आणि ३१०. सरासरी २७५.४. वाढ ८०.४ ची. ही आली कुठून, ते दोन भागांत उलगडतं.

पहिला भाग क्षेत्रांच्या आतल्या सुधारणेचा: रोजगारातला सुरुवातीचा वाटा गुणिले उत्पादकतेतली, म्हणजे दरमाणशी उत्पादनातली, वाढ. ०.६० × ३० = १८, ०.१५ × ८० = १२, ०.२५ × १० = २.५. एकूण ३२.५.

दुसरा भाग माणसं हलल्याचा: वाट्यातला बदल गुणिले शेवटच्या वर्षाची उत्पादकता. −०.२० × १३० = −२६, ०.०७ × ४८० = ३३.६, ०.१३ × ३१० = ४०.३. एकूण ४७.९.

बेरीज बरोबर ८०.४. म्हणजे जवळपास ६० टक्के वाढ निव्वळ माणसं शेतीतून बाहेर पडल्यामुळे झाली. बेरीज जुळत नसेल तर बहुधा दोन्ही भागांत सुरुवातीच्याच वर्षाचे आकडे वापरले गेलेत. एकात सुरुवातीचे वाटे घेतले की दुसऱ्यात शेवटची उत्पादकता घ्यायची.

दुसऱ्या भागाच्या बेरजेचं चिन्ह उणं आलं तर दचकू नका, उलट तिथेच थांबा आणि नीट पाहा. माणसं जास्त उत्पादकतेच्या कामातून कमी उत्पादकतेच्या कामात चालली आहेत असा त्याचा अर्थ. कारखान्यातून सुटलेला कामगार रस्त्यावर फुटकळ विक्री करू लागला तर कागदावर ‘सेवा क्षेत्र वाढलं’ असंच दिसतं. मार्गारेट मॅकमिलन आणि दानी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हीच पद्धत वापरून दाखवलं की १९९० ते २००५ या काळात आशियात माणसांच्या हलण्याने वाढीला हातभार लागला, तर लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेत तेच हलणं वाढीच्या विरोधात गेलं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. शेतीचा उत्पन्नातला वाटा भागिले रोजगारातला वाटा करून पाहा: आधी ३०.८ ÷ ६० = ०.५१, नंतर १८.९ ÷ ४० = ०.४७. दरमाणशी उत्पादन ३० टक्क्यांनी वाढूनही शेतकरी देशाच्या सरासरीच्या आणखी मागे पडला. वाटा घटणं म्हणजे शेती बुडणंही नव्हे. कामकऱ्यांची संख्या १०० वरून १३० झाली असेल तर शेतीचं एकूण उत्पादन ६,००० वरून ६,७६० वर जातं. घटतो तो वाटा, कारण उत्पन्न वाढलं तरी माणूस त्या प्रमाणात जास्त खात नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चावरून हे दाखवलं होतं.

वेगाची कल्पना हवी तर ही दोन उदाहरणं लक्षात ठेवा. १९०० साली अमेरिकेतले सुमारे ४० टक्के कामकरी शेतीत होते, आज दोन टक्क्यांहून कमी आहेत. दक्षिण कोरियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाटा ६० टक्क्यांच्या वर होता, तो २००० पर्यंत सुमारे १० टक्क्यांवर आला.

किमतींबाबत नियम सोपा आहे: उत्पन्नातले वाटे चालू, म्हणजे त्या-त्या वर्षाच्या, किमतींना, उत्पादकतेची वाढ स्थिर किमतींना. कारखान्यातला माल तुलनेने स्वस्त होत जातो आणि शिक्षण, शुश्रूषा महाग होत जाते, कारण तिथे तासाभराचं काम दहा मिनिटांत उरकत नाही. त्यामुळे चालू किमतींच्या तक्त्यात वस्तुनिर्माण प्रत्यक्षापेक्षा जास्त आक्रसलेलं दिसतं.

मोजणीतूनही भास होतात. कारखान्याच्या उपाहारगृहातला स्वयंपाकी कारखान्याच्या पगारावर असेल तर त्याची गणती वस्तुनिर्माणात होते. तेच काम कंत्राटदाराला दिलं की तो सेवांत जातो. चूल तीच, भांडी तीच, जेवणारेही तेच. दुसरा भास व्याख्येचा. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेनंतर केवळ घरच्या खाण्यापुरतं पिकवणाऱ्यांना रोजगारात मोजू नये असं ठरलं. एखाद्या देशाने ही व्याख्या स्वीकारली की शेतीतला रोजगार एका फटक्यात खाली येतो. आलेखात अशी पायरी दिसली तर आधी पाहणीची प्रश्नावली बदलली का ते शोधा आणि त्या वर्षाच्या दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मालिकेत जोडू नका.

आणि शेतीचा रोजगारातला वाटा मध्येच वाढलेला दिसला तर ती टायपिंगची चूक समजून खोडू नका. १९९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशियात शहरातली कामं गेली आणि माणसं गावाकडे शेतीवर परतली. अशा वर्षी दरमाणशी शेती उत्पादन पाहा: ते घसरलं असेल तर शेतीने नवं काम दिलेलं नसतं, असलेलंच काम जास्त हातांत वाटलेलं असतं.