समुद्राच्या तापमानाचा खोलीनुसार नकाशा काढताय? या चुका टाळा

नकाशात काही विचित्र दिसलं की आपण आधी तापमापकावर संशय घेतो. माझं मत उलटं आहे: आधी खोली तपासा. चांगल्या सीटीडीचा (पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाचा) तापमापक अंशाच्या काही हजारांश भागापर्यंत भरवशाचा असतो. पण थर्मोक्लाइनमध्ये, म्हणजे तापमान झपाट्याने उतरतं त्या पट्ट्यात, दर मीटरला ०.१ अंशाचा फरक पडू शकतो. तिथे खोली ५ मीटरने चुकली, की त्या खोलीचं तापमान अर्ध्या अंशाने चुकलंच.

सोडलेली केबल म्हणजे खोली, असं कधीच धरू नका. प्रवाहाने केबल उभ्या रेषेपासून ३० अंश कलली, तर विंचवर (केबल सोडायच्या यंत्रावर) २०० मीटर दिसत असताना उपकरण जेमतेम १७३ मीटरवर असतं. खोली दाबावरूनच काढा, आणि तीही सूत्राने. १ डेसिबार (दाबाचं एकक) म्हणजे १ मीटर हा ठोकताळा वरच्या थरात चालतो. २००० डेसिबारला खरी खोली १९७५ ते १९८० मीटरच्या आसपास भरते. अर्गो फ्लोटच्या (समुद्रात आपोआप वर-खाली होत मोजमाप करणाऱ्या यंत्रांच्या) नोंदी दाबातच येतात, म्हणून ही गल्लत तिथे हमखास होते.

जुन्या एक्सबीटी (जहाजावरून टाकायच्या, एकदाच वापरायच्या तापमापकाच्या) नोंदी वापरत असाल तर जरा थांबा. नेहमीच्या एक्सबीटीत दाबाचा सेन्सर नसतो. पाण्यात पडल्यापासून किती सेकंद झाले यावरून खोली मोजली जाते. उत्पादकांच्या मूळ सूत्रातून ही खोली प्रत्यक्षापेक्षा कमी यायची. १९९५ साली सुधारित सूत्र आलं. नेहमीच्या काही प्रकारांसाठी जुनी खोली १.०३३६ ने गुणायची. ५०० मीटरवर हा फरक जवळपास १७ मीटरचा होतो. खरा घोळ पुढे आहे: काही फाइलींत ही दुरुस्ती आधीच झालेली असते. नोंदीसोबतची माहिती न वाचता पुन्हा गुणलं, तर चूक उलट्या दिशेने तेवढीच. आणि एक्सबीटीचे पहिले ३-४ मीटर सोडून द्या, सेन्सर तोवर पाण्याच्या तापमानाला आलेला नसतो.

सीटीडी आधी साधारण १० मीटरवर दोन-तीन मिनिटं धरा, पंप सुरू होऊ द्या, मग पृष्ठभागाजवळ आणून खाली सोडा. तापमानासाठी उतरतानाची नोंद घ्या. चढताना सेन्सर उपकरणाच्याच सांगाड्याने ढवळलेल्या पाण्यातून येतो.

आता सर्वांत फसवी चूक: सरासरी. अंतर्गत लाटांमुळे (पृष्ठभागाखाली, पाण्याच्या थरांत उठणाऱ्या लाटांमुळे) थर्मोक्लाइन काही तासांत कित्येक मीटर वर-खाली होते. समजा एकाच जागी तीन नोंदी घेतल्या. तिन्हींत वर २८ अंश. मग पहिलीत ४० मीटरपासून, दुसरीत ६० पासून, तिसरीत ८० पासून अवघ्या १० मीटरांत पाणी २० अंशांवर येतं. खोलीनुसार सरासरी काढली, की ४० ते ९० मीटरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा उतार मिळतो. असं पाणी तिथे एकाही नोंदीत नव्हतं! त्याऐवजी प्रत्येक नोंदीत २० अंशांची समतापरेषा (समान तापमानाची रेषा) कुठे लागते ते पाहा: ५०, ७०, ९०. सरासरी ७० मीटर, आणि थर्मोक्लाइनचा तीव्रपणाही शाबूत.

खाली जाताना तापमान वाढलं म्हणून नोंद खोडू नका. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी खारट, थंड पाण्याच्या थराखाली उबदार पाणी सापडतं. आर्क्टिकमध्ये अटलांटिकचं उबदार पाणी थंड थराखाली पसरलेलं असतं. १८७२–७६ च्या चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत कमाल-किमान (फक्त सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान नोंदवणारे) तापमापक वापरले जात. खाली पाणी थंडच होत जाणार असं गृहीत धरलं, तर असे थर त्यांतून निसटायचे. आज आपल्याकडे क्षारतेच्या (खारटपणाच्या) नोंदी आहेत, तापमानासोबत त्यांवरून घनता काढता येते. घनता खाली वाढत असेल, तर ती उलटापालट खरी माना.

आणि अतिखोल पाण्याचे आकडे तसेच्या तसे नकाशावर टाकू नका. मारियाना गर्तेत सुमारे ४५०० मीटरवर पाणी दीड अंशाच्या जवळ असतं, तळाशी मात्र अडीचच्या आसपास. ती ऊब कुठून आलेली नाही. वरच्या पाण्याच्या दाबाने पाणी आवळलं जातं, म्हणून ते तापतं. पोटेन्शियल तापमान (तेच पाणी पृष्ठभागावर आणलं तर असेल ते) काढून पाहा, ही वाढ नाहीशी होते.