लॅपटॉपची रॅम घरी टाकायची? आधी हे बघा

दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीचे हिशोब बघतात. "लॅपटॉप रडतोय, रॅम टाकून दे," म्हणाले. रॅम म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी मेमरी. तीच कमी पडतेय का, हे आधी बघायचं. नेहमीचं सगळं उघडा : टॅली, एक्सेल, क्रोमचे पंधरा-वीस टॅब. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांवरून खाली येतच नसेल तर रॅम हवी. मेमरी निम्मी मोकळी आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान चिपची डिस्क, टाका. तिथे रॅम म्हणजे पोटदुखीला डोळ्यांचे थेंब.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावरच 'फॉर्म फॅक्टर' दिसतो. 'सोडिम' असेल तर रॅमची स्टिक, म्हणजे सुटी पट्टी, निघते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच डाखलेली. काही मॉडेलांत थोडी डाखलेली आणि वर एक स्लॉट असाही प्रकार असतो, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट किती आणि जास्तीत जास्त किती जीबी चालते ते वाचा. अ‍ॅपलच्या एम-सिरीज चिपच्या मॅकबुकला हा प्रश्नच नाही, तिथे रॅम बदलताच येत नाही.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर४ च्या स्टिकला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी. एक दुसऱ्यात बसत नाही, दाबू नका. ८ जीबीच्या जोडीला ८ जीबी घेतली की ड्युअल चॅनल मिळतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकत्र काम करतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा फरक कळतो. वेग वेगवेगळे असतील तर दोन्ही स्टिक कमी वेगाने चालतात.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे त्याआधीची किंमत डोक्यात धरून जाऊ नका. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वॉरंटी चालू असेल तर घरी उघडल्यावर ती राहते का, हे सर्व्हिस सेंटरला ई-मेलवरच विचारा, तोंडी नको.

इथवर सगळं जुळलं, तरच स्क्रू ड्रायव्हर काढा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. शिफ्ट दाबून शटडाउन करा, चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. एकदा मी लांब स्क्रू आखूड भोकात फिरवला, आणि कीबोर्डखाली मनगट टेकतो तिथे फोडासारखा उंचवटा आला. तो अजून आहे. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड पुरतं. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. थंडीत स्वेटर काढून, नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावूनच स्टिक धरा, तीही कडांना. तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसतात.

पहिल्यांदा चालू करताना, विशेषतः डीडीआर५ असेल तर, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बटण दाबत बसू नका. नंतर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, म्हणजे विंडोजमधलीच रॅमची तपासणी, एकदा चालवा.

दाजींच्या लॅपटॉपच्या पंख्यावर हळदीचा पिवळा थर बसला होता. उघडलंच आहे तर तोही ब्रशने काढा. पातं बोटाने धरून, आणि अंगणात. आमच्या टेबलक्लॉथवरचा डाग दोन धुण्यांनंतरही तसाच आहे.