माइल्सचं तिकीट बदलायचंय? आधी नवी सीट, मग जुनी सोडा

फोर्टातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त होऊन पार्ल्यात घरी असते, पण सोसायटीत कुणाचं विमानाचं घोडं अडलं की बेल माझ्याच दाराची वाजते. हल्ली बरीचशी प्रकरणं माइल्सच्या तिकिटांची असतात. मुलाने क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमानकंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिच्या बक्षीस-पॉइंटांत, वळवून आई-बाबांना अमेरिकेचं तिकीट काढून दिलेलं असतं. मग बीकेसीतली व्हिसाची मुलाखत पुढे जाते, नाहीतर तिकडे सुनेच्या बाळंतपणाची तारीख अलीकडे येते. दारात उभं राहून पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, कॅन्सल करून टाकू का?"

नको. तो मोबाइल आधी खाली ठेव आणि आत ये.

पैसे भरून तिकीट काढताना विमानात जागा असेल तर ती मिळते, फार तर महाग मिळते. माइल्सचं तसं नाही. त्यासाठी कंपनी वेगळ्या, मोजक्या सीट काढून ठेवते. स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटातल्या कंपन्या एकमेकींच्या प्रवाशांना इकॉनॉमीत 'एक्स' आणि बिझनेसमध्ये 'आय' या क्लासमधून अशा सीट देतात. तो कप्पा रिकामा झाला की बाकी विमान ओस पडलेलं असलं तरी तुमच्या माइल्सना तिथे जागा नाही. शिवाय तुम्ही सोडलेली सीट पुन्हा त्याच कप्प्यात येईल, याची काही खात्री नसते. विरार फास्टमध्ये खिडकी सोडून दाराशी जाऊन बघावं आणि परत यावं, तसला प्रकार. म्हणून नवी सीट डोळ्यांना दिसेपर्यंत जुनीला हात लावायचा नाही.

आता तिकीट उघडा आणि तेरा आकडी तिकीट नंबर शोधा. सहा अक्षरांचा पीएनआर नव्हे, तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कुणी काढलंय ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, १२५ ब्रिटिश एअरवेज, १७६ एमिरेट्स. इथेच बहुतेकांची गाडी चुकते. एअर इंडिया जुलै २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे तिच्या पॉइंटांवर लुफ्तान्साने मुंबई-फ्रँकफर्ट जाता येतं. पण विमान लुफ्तान्साचं असलं तरी तिकीट ०९८चं. बदलायचं असेल तर लुफ्तान्साला कितीही फोन करा, ते एअर इंडियाकडे जायला सांगणार, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. माइल्स ज्याचे, तिकीट त्याचं. विमान कुणाचं आहे ते इथे बघायचं नाही.

कुणाकडे जायचं ते कळलं की नवी सीट शोधा. ज्या कंपनीच्या माइल्स-कार्यक्रमातून तिकीट काढलंय त्याच्याच साइटवर, नवीन तिकीट काढायचं असल्यासारखं सर्च करा. माणसं जितकी, तितक्या सीट टाका. एकाची दिसते म्हणून दोघांची असेलच असं नाही. स्टार अलायन्सचं तिकीट असेल तर युनायटेडच्या साइटवर फुकट खातं उघडून तिथेही बघते मी. त्यांचे माइल्स खात्यात नसले तरी भागीदार कंपन्यांच्या सीट दिसतात. कधीकधी एकीकडे दिसणारी सीट दुसरीकडे नसते, म्हणून विमान नंबर, तारीख आणि क्लास लिहून दोन-तीन पर्याय हाताशी ठेवायचे. आणि कॅलेंडरवर एक नजर: साधारणपणे तिकीट पहिल्यांदा काढल्यापासून वर्षभरच चालतं. त्यापलीकडची तारीख हवी असेल तर बदल होत नाही, रद्दच करावं लागतं.

साध्या तारीखबदलाला बऱ्याच कार्यक्रमांत साइटवरच बटण असतं. पण भागीदार कंपनीचं विमान, एका पीएनआरवर दोन माणसं आणि त्यातल्या एकाचीच तारीख बदलायची, किंवा अर्धा प्रवास झालेला, असं काही असलं की फोन करा. नंबर मात्र कंपनीच्या साइटवरून किंवा अ‍ॅपमधूनच घ्यायचा. गुगलवर 'कस्टमर केअर' टाकून पहिला दिसेल तो नंबर फिरवायचा नाही. तिथे भामटे बसलेले असतात. ते 'रिफंडसाठी' म्हणून स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. तसं झालंच तर वेळ न घालवता १९३०वर, सायबर हेल्पलाइनला फोन.

ज्याचे माइल्स, तो माणूस फोनवर हवा. खातं मुलाचं, मुलगा न्यू जर्सीत आणि ओटीपी त्याच्या भारतातल्या सिमवर, जे तो महिन्यापूर्वी ड्रॉवरमध्ये टाकून बसलाय, हे नाटक मी फार वेळा बघितलंय. आधी त्याला उठवा, सिम घालायला सांगा, मग नंबर लावा. बोलायला सुरुवात करताना 'कॅन्सल' हा शब्द तोंडातून काढू नका. म्हणा, "मला तारीख बदलायची आहे. अमुक तारखेला अमुक विमानात माझ्या क्लासची सीट दिसतेय. जुनी न सोडता ती आधी धरता येईल का?" दोघांपैकी एकाचंच बदलायचं असेल तर आधी "पीएनआर स्प्लिट करा", म्हणजे दोघांचे वेगळे करा, म्हणायचं. मग चार गोष्टी विचारायच्या: जादा माइल्स किती, बदलाची फी किती, करातला फरक किती, आणि परत येणारे पैसे कुठे येणार. चारही उत्तरं कागदावर उतरवली की मगच 'करा' म्हणायचं. समोरचा "सिस्टिममध्ये दिसत नाही" एवढंच घोकत असेल तर आभार मानून फोन ठेवा आणि पुन्हा लावा. दुसरा माणूस तेच पीएनआर उघडून दोन मिनिटांत काम करतो. आमच्या काउंटरवरही असंच होतं, खोटं कशाला बोलू!

फीचा हिशोब कार्यक्रमागणिक वेगळा. युनायटेड, अमेरिकन या अमेरिकी कंपन्यांनी २०२० नंतर माइल्स परत खात्यात टाकण्याची फी काढून टाकली. इतरांकडे ती असते आणि माणशी लागते. बऱ्याच ठिकाणी तारीख बदलणं रद्द करण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण माइल्सचा भाव रोज वरखाली होणारा कार्यक्रम असेल तर नवीन तारखेला आजचा भाव लागतो, आणि मग फी नगण्य असूनही फरकच जबर निघतो. अशा वेळी दोन्ही आकडे मांडून बघायचे. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑसवर (त्यांच्या माइल्सचं नाव) जवळचा छोटा प्रवास असेल तर आणखी एक बघा: रोख भरलेला कर रद्द करण्याच्या फीहून कमी असेल, तर फक्त तो करच जातो, वरून काही द्यावं लागत नाही.

रद्दच करायचं ठरलं तर दोन गोष्टींकडे लक्ष द्या. कार्डाचे पॉइंट माइल्समध्ये वळवलेले असतील तर ते परत येतील विमानकंपनीच्या खात्यात, बँकेत नाहीत. तो रस्ता एकेरी आहे. दुसरं, माइल्सची मुदत. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये माइल ३६ महिने जगतो. तिकीट काढताना जिवंत असलेले माइल्स रद्द करायच्या दिवशी मुदतबाह्य झाले असतील तर ते परत मिळत नाहीत. म्हणजे जुन्या माइल्सचं तिकीट रद्द करण्यापेक्षा पुढची तारीख घेऊन ठेवणं बरं.

सगळ्यात महाग पडतो तो नो-शो. न कळवता विमान सोडलंत तर एकतर मोठा दंड, नाहीतर माइल्सच गेले. आणि जाण्याचं विमान सोडलं की त्याच तिकिटावरचं येण्याचंही आपोआप रद्द होतं. म्हणून मी माइल्सवर जाणं आणि येणं वेगवेगळ्या तिकिटांवर काढायला सांगते. बहुतेक कार्यक्रमांत एकेरीला निम्मेच माइल्स लागतात, मग एकात एक अडकवायचं कशाला?

मुंबईकरांसाठी यात एक खास सापळा आहे. सहारच्या टी-टू वरून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ पहाटे अडीच. म्हणजे तुम्ही घरून निघणार १४च्या रात्री, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण ब्रिटिश एअरवेजसारखी रद्द करायची मर्यादा २४ तास आधीची असेल तर ती संपते १४च्या पहाटे अडीचला. थोडक्यात १३ला रात्री झोपायच्या आधी काय ते उरकायचं. "१४ला सकाळी चहा घेता घेता करू" म्हणणारे त्या चहाची किंमत माइल्समध्ये मोजतात.

आता उलट बाजू. कधी कंपनीच वेळ बदलते किंवा विमान रद्द करते. मेल येतो, खाली बटण असतं, आणि माणसं घाईने 'रद्द करा' दाबतात. अहो, थांबा! विमान त्यांनी हलवलंय तोवर पत्ते तुमच्या हातात आहेत. अशा वेळी फी न घेता दुसऱ्या दिवसाचं किंवा दुसऱ्या मार्गाचं विमान मागता येतं, आणि एरवी माइल्सवर न उघडणारी सीटही कधीकधी उघडून देतात. तुम्ही स्वतः रद्द केलंत की तो साधा प्रवाशाने केलेला रद्द प्रकार होतो. मेल जपून ठेवा, हवं ते विमान शोधा, मग फोन.

बदल झाला, मेल आला, म्हणून लगेच साबुदाण्याची खिचडी टाकायची नाही. कधीकधी पीएनआरमध्ये नवीन तारीख दिसते, पण तिकीट मागे जुन्याच तारखेचं राहिलेलं असतं. याला आम्ही 'रीइश्यू झालं नाही' म्हणायचो. घरी बसून सगळं ठीक दिसतं आणि टी-टूच्या काउंटरवर बॅगा घेऊन उभं राहिल्यावर कळतं. म्हणून फोनवरच नवा तेरा आकडी नंबर मागून घ्या. विमान भागीदाराचं असेल तर त्यांच्याकडचा पीएनआर वेगळा असू शकतो, तोही मागा, आणि काही तासांनी त्यांच्या साइटवर टाकून बघा. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यापुढे 'एचके' (म्हणजे सीट पक्की) किंवा 'कन्फर्म्ड' आणि सोबत तिकीट नंबर, दोन्ही दिसलं पाहिजे.

आणि व्हीलचेअर! तारीख बदलली की जुन्या विमानावर मागितलेली व्हीलचेअर, शाकाहारी जेवण, पैसे देऊन घेतलेली पुढची सीट यातलं काहीही गळून पडू शकतं. आई-बाबा सत्तरीपुढचे असतील तर त्याच फोनवर, न विसरता, प्रत्येक विमानासाठी पुन्हा सांगा. मधल्या विमानतळावरचं आधी, कारण तिथलं चालणं लांब असतं आणि मराठी बोलणारं कुणी भेटेलच असं नाही.

राहिले पैसे. रद्द केल्यावर माइल्स बहुधा लवकर दिसतात. रोख भरलेला कर मागाहून येतो, ज्या कार्डावरून भरला त्याच कार्डावर. ते कार्ड मधे बंद केलं असेल तर बँकेला आधी सांगून ठेवा. आपल्या भारतीय कंपन्यांना विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे क्रेडिट कार्डावरचा परतावा सात दिवसांत द्यावा लागतो, आणि सरकारी कर व विमानतळाचं यूडीएफ (वापरशुल्क) तर नो-शो झाला तरी परत करावं लागतं. हे मागितल्याशिवाय मिळेल म्हणून वाट बघत बसू नका. रद्द केल्याचा मेल, तिकीट नंबर आणि कर भरल्याची पावती जोडून कंपनीला लिहा. तिथून उत्तर आलं नाही तर तीच कागदपत्रं घेऊन नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा नंबर कंपनीला कळवा.