छातीतली गाठ अंगावर काढू नका, बायका हमखास करतात त्या चुका

आमच्या नात्यातल्या एका काकूंना आंघोळ करताना काखेजवळ हरभऱ्याएवढी गाठ लागली, दुखत नव्हती म्हणून गप्प बसल्या, मग गणपती झाले की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ, मग घरात लग्न निघालं, असं करत आठ महिने गेले. हीच सगळ्यात मोठी चूक. आपल्याला वाटतं दुखतं तेच वाईट. इथे बऱ्याचदा उलटं असतं, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जे जड वाटतं, ठणकतं, ते बहुतेक हार्मोन्सचं असतं, पाळी झाली की कमी होतं. एकाच जागी सतत दुखत राहिलं तर मात्र दाखवा.

दुसरी चूक, फक्त गाठच शोधत बसायचं. कातडीला खळी पडणे, संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि बारीक भोकंभोकं दिसणे, नेहमी बाहेर असलेलं निप्पल अचानक आत ओढलं जाणे, न दाबता एकाच बाजूने रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, काखेत गाठ, हे पण तेवढंच महत्त्वाचं. (निप्पल लहानपणापासूनच आत असेल तर घाबरू नका, नवीन बदल बघायचा.) निप्पलवर खाज, खपल्या आल्या की मेडिकलमधून खरजेची ट्यूब आणून महिनोन्महिने चोळत बसतात, पण पॅजेट नावाचा कॅन्सर अगदी इसबासारखाच दिसतो, म्हणून एकाच बाजूला असेल आणि दोनेक आठवड्यात जात नसेल तर तपासा.

बाळाला पाजणाऱ्या आयांचं वेगळंच. गाठ आली की सगळे सांगणार दुधाची आहे, शेक दे. बऱ्याचदा असतेही दुधाचीच, पण छाती लाल, गरम, सुजलेली आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी तशीच असेल तर परत जा आणि सोनोग्राफी करायला सांगा. लेप लावून गाठ "विरघळवायच्या" भानगडीत तर पडूच नका, त्यात फक्त वेळ जातो.

आमच्या घराण्यात कुणाला नाही, असंही म्हणतात. अहो, आनुवंशिक केसेस साधारण 5 ते 10 टक्केच असतात, बाकीच्यांपैकी बहुतेकींच्या घरात आधी कुणाला नसतं. आणि पुरुषांनाही होतो, कमी, पण होतो.

सुई लावली की पसरतं ही भीती तर डोक्यातून काढूनच टाका. बायोप्सीने (म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) कॅन्सर पसरत नाही, उलट सुईची तपासणी न करता डायरेक्ट गाठ कापून घेतली तर पुढची ट्रीटमेंट अवघड होऊ शकते. नीट क्रम असा, डॉक्टरने हाताने तपासणं, मग सोनोग्राफी (वय चाळीसच्या पुढे असेल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे पण), मग लागली तर सुई. मॅमोग्राफी नॉर्मल आली पण गाठ हाताला लागतेय तर तिथे थांबू नका, काही गाठी त्यात दिसत नाहीत. बहुतेक गाठी साध्याच निघतात, तरुण मुलींमधे हाताखाली सरकणारी फायब्रोअडेनोमा नावाची कॅन्सर नसलेली गाठ खूप कॉमन, पण सरकते म्हणजे साधी हे आपण घरी ठरवायचं नाही.

हाताने तपासून काय कळणार म्हणू नका. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या अर्ध्यांची ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर 2 वर्षांनी हाताने तपासणी केली. 2021 मधे रिझल्ट आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधे या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्यांपेक्षा जवळपास 30 टक्क्यांनी कमी. तिशीच्या पुढे ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, लेडी डॉक्टर किंवा सिस्टर मागून घ्या, लाजू नका.

आणि मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर, डिओ लावू नका, फोटोत त्याचे ठिपके येतात. साडी किंवा वनपीसपेक्षा टॉप-सलवार बरी पडते, वरचं सगळं काढावं लागतं. जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या.